प्रिन्स्टन स्कूल ऑफ पब्लिक अँड इंटरनॅशनल अफेअर्स

प्रिन्स्टन स्कूल ऑफ पब्लिक अँड इंटरनॅशनल अफेअर्स ही अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन विद्यापीठात सार्वजनिक धोरण व आंतरराष्ट्रीय व्यवहार या विषयांचे शिक्षण देणारी संस्था आहे. तिची स्थापना १९३० साली झाली. १९४८ ते २०२० या काळात ती वुड्रो विल्सन स्कूल या नावाने ओळखली जात असे व जुन्या ग्रंथांत तिचा उल्लेख त्याच नावाने आढळतो. शासनसेवेत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, अनुभवी अधिकाऱ्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम, विद्यावाचस्पती पदवीसाठी संशोधन आणि पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र मुख्य विषय, असे तिच्या अध्यापनाचे चार भाग आहेत.

या प्रकारच्या अमेरिकी संस्थांत प्रिन्स्टनची संस्था दोन वादांमुळे विशेष चर्चेत राहिली. सरकारी सेवेसाठी माणसे घडवावीत या अटीवर मिळालेल्या मोठ्या देणगीचा विनियोग कसा झाला, हा पहिला वाद. ज्यांचे नाव संस्थेने बहात्तर वर्षे धारण केले, त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन कसे करावे, हा दुसरा. सार्वजनिक व्यवहारांचे शिक्षण कशासाठी व कोणासाठी, हा प्रश्न दोन्ही वादांच्या मुळाशी होता.

पार्श्वभूमी

लोकप्रशासन हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. तोपर्यंत सरकारी पदांचे वाटप बहुधा राजकीय निष्ठा पाहून होत असे. निवडणूक जिंकणारा पक्ष आपल्या कार्यकर्त्यांना नोकऱ्या देई. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर पद न मिळाल्याने चिडलेल्या इसमाने गोळ्या झाडल्या. गारफिल्ड यांच्या मृत्यूनंतर १८८३ च्या पेंडलटन कायद्याने काही पदांसाठी गुणवत्तेवर आधारित परीक्षा सुरू झाल्या. परीक्षा घेऊन अधिकारी निवडायचे, तर त्यांना काय शिकवायचे हा प्रश्न ओघानेच आला.

१८८७ साली वुड्रो विल्सन या तरुण प्राध्यापकाने 'पोलिटिकल सायन्स क्वार्टर्ली' या नियतकालिकात प्रशासनाच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला. राज्यघटना तयार करण्यापेक्षा ती चालवणे कठीण होत चालले आहे आणि प्रशासनाचे क्षेत्र पक्षीय राजकारणाच्या धावपळीपासून वेगळे मानून त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, अशी मांडणी त्याने त्यात केली. भारतातील विद्यापीठांतही लोकप्रशासनाच्या पाठ्यपुस्तकांचे पहिले प्रकरण बहुधा याच निबंधाने सुरू होते. विल्सन पुढे १८९० साली प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. १८९६ साली महाविद्यालयाच्या दीडशेव्या वर्धापनसमारंभात त्यांनी राष्ट्रसेवेतील प्रिन्स्टन या विषयावर भाषण केले आणि 'राष्ट्राच्या सेवेत' हे शब्द विद्यापीठाचे अनौपचारिक ब्रीद बनले. १९०२ ते १९१० या काळात ते विद्यापीठाचे अध्यक्ष होते, त्यानंतर न्यू जर्सीचे राज्यपाल आणि १९१३ ते १९२१ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते.

स्थापना आणि आरंभीचा काळ

विल्सन यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९३० साली, प्रिन्स्टनमध्ये 'स्कूल ऑफ पब्लिक अँड इंटरनॅशनल अफेअर्स' सुरू झाले. तोवर सिरॅक्यूज विद्यापीठातील मॅक्सवेल स्कूल (१९२४) स्थापन झाले होते. हार्वर्डची या विषयाची संस्था पुढे १९३६ साली आली. प्रिन्स्टनचा आरंभ मात्र केवळ पदवीपूर्व विद्यार्थ्यांपुरता होता. स्वतंत्र विभाग उभारण्याऐवजी इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांचे प्राध्यापक एकत्र येऊन येथे शिकवत. एखादा चालू सार्वजनिक प्रश्न घेऊन विद्यार्थ्यांनी गटाने त्याचा अभ्यास करायचा, प्रत्येकाने त्याचा एक पैलू तपासायचा आणि शेवटी एकत्रित शिफारशी तयार करायच्या, ही 'परिषद' पद्धत पहिल्यापासून रूढ झाली. आजच्या पदवीपूर्व अभ्यासक्रमातील कृतिगट हे त्याच पद्धतीचे बदललेले रूप आहे.

१९३६ साली संस्थेत लोकसंख्या संशोधन कार्यालय स्थापन झाले. फ्रँक नोटस्टाइन हे त्याचे पहिले संचालक. अमेरिकेतील विद्यापीठीय लोकसंख्याशास्त्राच्या जुन्या केंद्रांत त्याची गणना होते. त्याच्या भारतविषयक कामाची माहिती पुढे दिली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची परराष्ट्रीय जबाबदारी एकाएकी वाढली आणि प्रशिक्षित अधिकाऱ्यांची गरजही. १९४८ साली पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करण्यात आला व त्याच वर्षी संस्थेला वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले. पुढील बारा-तेरा वर्षे पदव्युत्तर विभाग लहानच राहिला. त्याचे स्वरूप पालटले ते १९६१ च्या देणगीमुळे.

रॉबर्टसन देणगी

चार्ल्स रॉबर्टसन हे प्रिन्स्टनचे माजी विद्यार्थी होते. त्यांच्या पत्नी मेरी या ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीची मालकी असलेल्या हार्टफर्ड घराण्यातील वारस होत्या. १९६१ साली या दाम्पत्याने त्या कंपनीचे सुमारे ३ कोटी ५० लाख डॉलर किमतीचे समभाग देणगीदाखल दिले. प्रिन्स्टनला तोवर मिळालेल्या देणग्यांत ही फार मोठी होती. देणगीदारांनी आपली नावे गुप्त ठेवली. ती १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाली.

पैसा थेट विद्यापीठाच्या खात्यात गेला नाही. त्यासाठी रॉबर्टसन फाउंडेशन या नावाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिच्या मंडळात सात सदस्य होते: चार विद्यापीठाचे आणि तीन कुटुंबाचे. निधीचा हेतू फाउंडेशनच्या स्थापनापत्रात लिहिलेला होता. सार्वजनिक सेवेला वाहून घेणाऱ्या स्त्री-पुरुषांना शासकीय सेवेसाठी, त्यातही आंतरराष्ट्रीय संबंध हाताळणाऱ्या संघराज्य शासनाच्या खात्यांतील सेवेसाठी तयार करणारी पदव्युत्तर शाखा चालवावी, असा त्याचा आशय होता. त्यातील स्त्रियांचा उल्लेख लक्षणीय आहे, कारण प्रिन्स्टनच्या पदवीपूर्व वर्गांत विद्यार्थिनींना प्रवेश मिळायला १९६९ साल उजाडावे लागले.

या निधीतून प्राध्यापकांच्या जागा निर्माण झाल्या, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या आणि नवी इमारत उभी राहिली. मूळ रक्कम गुंतवणुकीतून वाढत गेली आणि २००८ पर्यंत ती ९० कोटी डॉलरच्या आसपास पोहोचली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क न घेण्याची ऐपत संस्थेला आली ती मुख्यतः या निधीमुळे.

रॉबर्टसन विरुद्ध प्रिन्स्टन

जुलै २००२ मध्ये देणगीदारांचे पुत्र विल्यम रॉबर्टसन व कुटुंबातील इतरांनी न्यू जर्सीच्या न्यायालयात विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला. निधीच्या गुंतवणुकीचे व्यवस्थापन विद्यापीठाच्या स्वतःच्या गुंतवणूक कंपनीकडे सोपवण्याचा प्रस्ताव हे वादाचे तात्कालिक निमित्त होते. त्यामागचे मुख्य आरोप दोन होते. संस्थेतून बाहेर पडणारे फारच थोडे पदवीधर संघराज्य शासनाच्या आंतरराष्ट्रीय खात्यांत जातात, म्हणजे देणगीचा हेतू साध्य होत नाही, हा एक. फाउंडेशनचा पैसा विद्यापीठाच्या इतर विभागांच्या व इमारतींच्या खर्चाकडे वळवला जातो, हा दुसरा. निधी प्रिन्स्टनकडून काढून घ्यावा आणि हेतू पाळू शकणाऱ्या अन्य संस्थांना द्यावा, अशी कुटुंबाची मागणी होती.

विद्यापीठाचे म्हणणे वेगळे होते. १९६१ नंतर सार्वजनिक सेवेचे क्षेत्र पालटले आहे; पूर्वी परराष्ट्र खाते करीत असलेली कित्येक कामे आता जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संस्था करतात; त्यांत जाणारा पदवीधरही सार्वजनिक हितासाठीच काम करतो. शिवाय विद्यापीठ शिक्षण देऊ शकते, नोकरी स्वीकारण्याची सक्ती करू शकत नाही. चांगल्या अध्यापनासाठी प्राध्यापक अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र विभागाशी निगडित असणे आवश्यक असते आणि त्यामुळे खर्चाची काटेकोर विभागणी अवघड होते, असाही युक्तिवाद करण्यात आला.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. अमेरिकेच्या संघराज्य सेवेत हुशार तरुण येईनासे झाले आहेत, ही चिंता रॉबर्टसन कुटुंबापुरती मर्यादित नव्हती. याच संस्थेचे माजी विद्यार्थी व नंतरचे प्राध्यापक पॉल व्होल्कर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८९ च्या अहवालात नेमकी तीच गोष्ट मांडली होती. वेतनातील तफावत, भरतीतील दिरंगाई आणि सरकारविषयीचा घसरता आदर ही कारणे विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरची होती. मात्र आपल्या हातात असलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे प्रवेशाचे निकष, विद्यार्थ्यांचे समुपदेशन आणि निधीचा हिशेब यांसाठी, विद्यापीठ उत्तरदायी होते आणि दाव्यातील प्रश्नांचा रोख तिकडेच होता. दावा चालू असतानाच, २००६ साली, संस्थेने निवडक पदवीपूर्व विद्यार्थ्यांना संघराज्य सेवेकडे वळवणारी खास शिष्यवृत्ती योजना सुरू केली.

दावा सहा वर्षांहून अधिक काळ चालला. देणगीदाराच्या अटी किती काळ व कितपत बांधील असतात, याचा निवाडा होणार म्हणून अमेरिकेतील विद्यापीठे व धर्मादाय संस्था त्याकडे लक्ष ठेवून होत्या. सुनावणी २००९ च्या आरंभी सुरू व्हायची होती. त्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये, दोन्ही पक्षांत तडजोड झाली. रॉबर्टसन फाउंडेशन विसर्जित करून उरलेला निधी प्रिन्स्टनकडे सोपवण्यात आला व त्याच्या विनियोगाचा अधिकार विद्यापीठाला मिळाला. त्याच निधीतून कुटुंबाच्या न्यायालयीन खर्चापोटी ४ कोटी डॉलर आणि शासनसेवेच्या शिक्षणासाठी कुटुंब स्थापन करणार असलेल्या नव्या संस्थेला ५ कोटी डॉलर देण्याचे ठरले. ही नवी संस्था आता अन्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना शासनसेवेत जाण्याच्या अटीवर शिष्यवृत्त्या देते. तडजोडीमुळे मूळ कायदेशीर प्रश्नावर अंतिम निर्णय झाला नाही. देणग्यांच्या करारात हेतू किती नेमका लिहावा आणि तो बदलण्याची तरतूद कशी ठेवावी, हे शिकवताना मात्र या प्रकरणाचा दाखला आजही दिला जातो.

अध्यापन

पदव्युत्तर शिक्षणाचा कणा म्हणजे सार्वजनिक व्यवहार या विषयातील दोन वर्षांची 'मास्टर इन पब्लिक अफेअर्स' ही पदवी. वर्ग जाणीवपूर्वक लहान ठेवले जातात. बहुतेक विद्यार्थी काही वर्षे नोकरी करून आलेले असतात व त्यांत परदेशी विद्यार्थीही असतात. पहिल्या वर्षाचा बराचसा वेळ सूक्ष्म व समष्टी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, राजकीय विश्लेषण आणि मानसशास्त्र यांना जातो. ज्यांचे गणित सुटलेले असते, त्यांच्यासाठी वर्ग सुरू होण्याआधी उन्हाळ्यात उजळणी घेतली जाते. आंतरराष्ट्रीय संबंध, आंतरराष्ट्रीय विकास, देशांतर्गत धोरण आणि अर्थशास्त्र व सार्वजनिक धोरण या चारांपैकी एक क्षेत्र विद्यार्थी निवडतो. दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात एखादे सरकारी खाते, आंतरराष्ट्रीय संस्था किंवा स्वयंसेवी संस्थेत प्रत्यक्ष काम करावे लागते.

दुसऱ्या वर्षी होणारी धोरण कार्यशाळा हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भाग मानावा लागेल. आठ-दहा विद्यार्थ्यांचा गट एखाद्या खऱ्या संस्थेने दिलेला खरा प्रश्न हाती घेतो. गरज पडल्यास संबंधित देशात जाऊन अधिकारी, तज्ज्ञ व नागरिकांच्या मुलाखती घेतल्या जातात. सत्राच्या शेवटी गटाने संबंधित संस्थेपुढे लेखी अहवाल व शिफारशी मांडायच्या असतात. गुण व्यक्तीला मिळत असले, तरी अहवाल एकच असतो. त्यामुळे मतभेद मिटवून एका मसुद्यावर सह्या करण्याची सवय लागते आणि सरकारी कामात तिची गरज विद्वत्तेइतकीच भासते. लिहिण्याच्या बाबतीतही भर प्रबंधापेक्षा टिपणावर असतो. मंत्र्याला किंवा सचिवाला दोन-तीन पानांत प्रश्न, पर्याय व शिफारस कळली पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे.

'मास्टर इन पब्लिक पॉलिसी' ही एक वर्षाची पदवी मध्यम कारकिर्दीतील व्यक्तींसाठी आहे. तिच्यासाठी किमान सात वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. निरनिराळ्या देशांतील सनदी अधिकारी, राजनैतिक अधिकारी आणि स्वयंसेवी क्षेत्रातील कार्यकर्ते तिच्याकडे वळतात. कायद्याच्या पदवीसोबत संयुक्तपणे पदव्युत्तर पदवी घेण्याची सोयही आहे. विद्यावाचस्पती कार्यक्रमाची प्रवेशसंख्या अगदी मर्यादित आहे. सुरक्षा अभ्यास आणि विज्ञान, तंत्रज्ञान व पर्यावरण धोरण हे त्यातील प्रमुख विषय होत.

पदवीपूर्व विद्यार्थ्यांना हा मुख्य विषय घेण्यासाठी पूर्वी वेगळी निवडप्रक्रिया पार करावी लागे. २०१५ साली पदवीधर झालेल्या तुकडीपासून ती बंद झाली. तृतीय वर्षात कृतिगटात काम करणे आणि अंतिम वर्षात स्वतंत्र प्रबंध लिहिणे त्यांना बंधनकारक आहे. प्रबंध सादर झाला की इमारतीसमोरच्या कारंज्यात उडी मारण्याची प्रथा विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षे जपली आहे.

नावाचा वाद

विल्सन यांची जागतिक ख्याती स्वयंनिर्णयाचा पुरस्कर्ता अशी होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी मांडलेल्या चौदा कलमांमुळे वसाहतींमधील राष्ट्रवादी नेत्यांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या. त्यांत लोकमान्य टिळकही होते. लंडनमध्ये असताना १९१९ च्या प्रारंभी टिळकांनी पॅरिसच्या शांतता परिषदेच्या संदर्भात विल्सन यांना पत्र लिहून हिंदुस्थानला स्वयंनिर्णयाचा हक्क मिळावा अशी विनंती केली. राष्ट्राध्यक्षांच्या सचिवाकडून त्यांना शिष्टाचाराचे उत्तर आले; त्यापलीकडे काही घडले नाही.

स्वदेशातील विल्सन यांचे धोरण याहून कठोर होते. त्यांच्या कारकिर्दीत टपाल व अर्थ खात्यांसह संघराज्य शासनाच्या कार्यालयांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसवण्यास सुरुवात झाली. १९१४ पासून सनदी सेवेच्या अर्जासोबत छायाचित्र मागवले जाऊ लागले, त्यामुळे अर्जदाराचा वर्ण आधीच कळू लागला. कृष्णवर्णीय पत्रकार विल्यम मनरो ट्रॉटर यांनी त्याच वर्षी शिष्टमंडळासह राष्ट्राध्यक्षांची भेट घेऊन निषेध केला, तेव्हा विल्सन यांनी या विभाजनाचे समर्थन केले. विद्यापीठाचे अध्यक्ष असतानाही त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रिन्स्टनमध्ये येण्यापासून परावृत्त केले होते. गुणवत्तेवर आधारित सनदी सेवेचा पहिला सिद्धांतकार म्हणून ज्यांचे नाव शिकवले जाते, त्यांच्याच राजवटीत ती सेवा वर्णानुसार विभागली गेली, ही विसंगती लोकप्रशासनाच्या संस्थेला विशेष जाचणारी होती. १९६३ साली प्रिन्स्टनमध्ये आलेले सेंट लुशियाचे अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस हे विद्यापीठातील पहिले कृष्णवर्णीय पूर्ण प्राध्यापक. विकासाच्या अर्थशास्त्रासाठी १९७९ साली नोबेल मिळालेले हे गृहस्थ याच संस्थेशी संलग्न होते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये 'ब्लॅक जस्टिस लीग' या विद्यार्थिसंघटनेने विद्यापीठाचे अध्यक्ष ख्रिस्तोफर आइसग्रुबर यांच्या कार्यालयात ३२ तास ठिय्या दिला. विल्सन यांचे नाव काढावे ही तिची एक प्रमुख मागणी होती. विश्वस्तांनी समिती नेमली, इतिहासकारांची मते मागवली आणि एप्रिल २०१६ मध्ये नाव कायम ठेवण्याचा निर्णय दिला. मात्र विल्सन यांच्या वारशाची दुसरी बाजू उघडपणे मांडली जाईल असे आश्वासन दिले. विद्यापीठाचे अनौपचारिक ब्रीदही त्या वर्षी राष्ट्राच्या आणि मानवतेच्या सेवेत असे बदलण्यात आले.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २७ जून २०२० रोजी विद्यापीठाने नाव काढल्याचे जाहीर केले. वर्णद्वेषी विचार व धोरणे असलेल्या व्यक्तीचे नाव सार्वजनिक धोरणाच्या संस्थेला अनुरूप नाही, अशी विश्वस्तांची भूमिका होती. निर्णयाच्या टीकाकारांच्या मते यामुळे विल्सन यांचे शैक्षणिक व राजनैतिक कार्यही झाकोळले गेले. नवे नाव म्हणजे खरे तर १९३० च्या मूळ नावालाच विद्यापीठाचे नाव जोडून केलेले पुनरुज्जीवन होते.

इमारत

रॉबर्टसन हॉल ही संस्थेची मुख्य इमारत मिनोरू यामासाकी या वास्तुरचनाकाराने रेखाटली. न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटर हेही त्यांचेच काम. बाहेरच्या बाजूने निमुळत्या पांढऱ्या स्तंभांची ओळ असलेली ही वास्तू ग्रीक मंदिराची आठवण करून देते. तिच्यासाठी जागा मोकळी करताना आधीची इमारत पाडली नाही. १९६३ साली ती रुळांवरून सरकवून थोड्या अंतरावर नेण्यात आली व आज ती कॉर्विन हॉल या नावाने वापरात आहे. ११ मे १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हस्ते रॉबर्टसन हॉलचा अर्पणसोहळा झाला. व्हिएतनाम युद्धावर विद्यापीठांतून टीका होत असल्याचा तो काळ होता आणि जॉन्सन यांनी भाषणात विद्वान व सत्ता यांच्या संबंधाचाच विषय घेतला.

समोरच्या प्रांगणात जेम्स फिट्झजेराल्ड यांचे 'फाउंटन ऑफ फ्रीडम' हे ब्राँझचे कारंजे आहे. त्याच्याजवळ २०१९ साली वॉल्टर हूड यांचे 'डबल साइट्स' हे ३९ फूट उंचीचे शिल्प उभारले गेले. एकमेकांना टेकलेल्या दोन स्तंभांवर विल्सन यांची वचने आणि त्यांच्या टीकाकारांची वचने कोरलेली आहेत. २०१६ मधील आश्वासनाची ती पूर्तता होती. संस्थेचे नाव बदलल्यानंतरही शिल्प जागेवर आहे.

संशोधन आणि भारत

लोकसंख्या संशोधन कार्यालयातील समाजशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस यांचा भारत व पाकिस्तानच्या लोकसंख्येवरील ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिशकालीन जनगणनांच्या आकड्यांचा इतका पद्धतशीर वापर त्यापूर्वी क्वचितच झाला होता. १९५८ साली अॅन्सली कोल यांनी एडगर हूव्हर यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात भारताचे उदाहरण घेऊन असे दाखवले की जन्मदर लवकर घटला, तर दरडोई उत्पन्न अधिक वेगाने वाढेल. कुटुंबनियोजनाच्या समर्थकांना यातून मोठा आधार मिळाला. लोकसंख्यावाढ आणि आर्थिक वाढ यांचा संबंध इतका थेट नाही, असे पुढील पिढीतील अनेक अर्थतज्ज्ञांनी दाखवले. तरीही विकासाच्या चर्चेवरील या पुस्तकाचा प्रभाव दीर्घकाळ टिकला.

१९६९ ते १९७४ या काळात अधिष्ठाता असलेले जॉन लुईस हे त्याआधी पाच वर्षे दिल्लीत अमेरिकेच्या मदत कार्यालयाचे प्रमुख होते. अन्नटंचाई, धान्याची आयात, रुपयाचे अवमूल्यन आणि हरितक्रांतीचा आरंभ या घडामोडी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या.

अँगस डीटन यांचे काम भारतीय वाचकांच्या अधिक परिचयाचे आहे. १९९९-२००० मधील राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५५ व्या फेरीत अन्नावरील खर्चाची माहिती तीस दिवसांची आणि सात दिवसांचीही एकाच वेळी विचारली गेली. त्यामुळे उत्तरांवर परिणाम होऊन आधीच्या फेरीशी तुलना करणे धोक्याचे झाले. गरिबी खरोखर किती घटली यावर तीव्र मतभेद झाले. प्रश्नपद्धतीचा परिणाम वगळून आकडे दुरुस्त करण्याचा मार्ग डीटन यांनी सुचवला. ज्याँ द्रेझ यांच्यासह त्यांनी लिहिलेला यासंबंधीचा लेख २००२ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. गरिबी घटली आहे, परंतु राज्याराज्यांतील व शहर-खेड्यांतील अंतर वाढले आहे, असे त्यांचे निष्कर्ष होते. उपभोग, गरिबी व कल्याण यांच्या विश्लेषणासाठी डीटन यांना २०१५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्याआधी या संस्थेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन (२००२) आणि अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन (२००८) हेही त्याच पुरस्काराचे मानकरी ठरले होते. भारताच्या राजकीय अर्थकारणाचे अभ्यासक अतुल कोहली हेही येथील प्राध्यापक होत.

अमेरिकेतील बालकांविषयी सारा मॅक्लानहन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला दीर्घकालीन अभ्यास हा संस्थेचा आणखी एक मोठा प्रकल्प आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या शहरांत जन्मलेल्या सुमारे ५,००० मुलांचा त्यात वर्षानुवर्षे मागोवा घेतला जात आहे.

माजी विद्यार्थी

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे १९७९ ते १९८७ या काळातील अध्यक्ष पॉल व्होल्कर, ग्राहकहक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी येथे पदवीपूर्व शिक्षण घेतले. इराकमधील सैन्याचे नेतृत्व केलेले जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी पदव्युत्तर पदवी व १९८७ साली विद्यावाचस्पती पदवी मिळवली. व्हिएतनाम युद्धातून अमेरिकी सैन्याने घेतलेले धडे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

वेंडी कॉप यांनी १९८९ साली आपल्या पदवी प्रबंधात एक योजना मांडली. चांगल्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी दोन वर्षे वंचित भागांतील सरकारी शाळांत शिकवावे, अशी ती कल्पना होती. तिच्यातून 'टीच फॉर अमेरिका' ही संस्था उभी राहिली. त्याच धर्तीवर शाहीन मिस्त्री यांनी स्थापन केलेल्या 'टीच फॉर इंडिया'चे पहिले शिक्षक २००९ साली मुंबई आणि पुण्याच्या शाळांत रुजू झाले.